तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेमा संपल्यावर वर्ग गप्प का होतो?

सामाजिक प्रश्नांवरचा सिनेमा दाखवणारे शिक्षक हमखास विचारतात, ‘मुलं मन लावून बघतात, काहींचे डोळेही भरून येतात; पण चर्चेला बसलं की “छान होता” याच्यापुढे गाडी सरकत नाही. काय चुकतं?’

बहुतेक वेळा पहिला प्रश्नच चुकतो. ‘यातून काय शिकलात?’ म्हटलं की मुलांना परीक्षेचा वास येतो आणि बाईंना हवं असलेलं उत्तर बाईंना मिळतं. ‘काय दिसलं? काय ऐकू आलं?’ इथून सुरू करा.

‘फँड्री’ (2013) या जातिभेदावरच्या मराठी सिनेमातला शेवटाकडचा प्रसंग घ्या. पकडलेलं डुक्कर बांबूला बांधून जब्या या शाळकरी नायकाच्या घरची माणसं शाळेच्या भिंतीलगत चालली आहेत. भिंतीवर बाबासाहेब आंबेडकरांचं, सावित्रीबाई फुल्यांचं चित्र आहे. एकदा नुसतं दाखवा. दुसऱ्यांदा लावण्याआधी एवढंच सांगा, ‘आता फक्त मागची भिंत बघा.’ जातीवरचं बोलणं तिथून मुलंच काढतात. आपण आधीच तात्पर्य सांगून बसलो, तर भिंत कुणालाच दिसत नाही.

90 मिनिटं हाताशी असतील तर 20 मिनिटांपेक्षा जास्त दाखवू नका. दिवे लागले की 5 मिनिटं कुणीच बोलायचं नाही, फक्त लिहायचं. ही पाच मिनिटं वेळ वाचवायला गाळली जातात आणि तिथेच घात होतो: पहिला हात वर करणारा जे बोलेल, त्याच्याच मागे सगळा वर्ग जातो. त्यानंतर चार-पाच जणांचे गट.

लॅपटॉपचा आवाज 40 मुलांना पुरत नाही. वेगळा स्पीकर लावा आणि पंखे सुरू ठेवून शेवटच्या बाकावरून स्वतः ऐकून बघा. फाइल आधी उतरवून ठेवा, प्रसंगाची मिनिटं-सेकंद कागदावर लिहा.

सगळ्यात जपायचं ते असं, की पडद्यावरचं वर्गातल्या कुणाच्या तरी घरातही घडत असेल. सिनेमात काय आहे ते आदल्या दिवशी सांगा. मध्येच उठून जायची मोकळीक द्या, दाराबाहेर कुणी मोठं माणूस थांबू द्या. ‘तुझ्याकडे असं होतं का?’ हे भरवर्गात कधीच विचारू नका. पात्राबद्दल बोलू द्या. कुणी एकट्याने येऊन काही सांगितलं, तर ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण मदत मिळवायला ते योग्य माणसापर्यंत न्यावं लागू शकतं. आणि तास संपल्यावर दहा मिनिटं खोलीतच रेंगाळा. ज्याला खरंच बोलायचं असतं, तो बहुधा वायर गुंडाळायला मदत करायच्या निमित्ताने मागे थांबतो.