तुम्ही विचारलंत म्हणून : उत्क्रांतीवरचं एकच पुस्तक सांग!

हा प्रश्न मला कुठेही गाठतो. पणजीच्या कदंबा स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, परवा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालूनच विचारलं, की तुम्ही ती निसर्गाची, उत्क्रांतीची पुस्तकं वाचता ना, मग त्यातलं एकच सांगा, सोपं हवं हं. तेव्हा नुसतं आ करून बसलो होतो, म्हणून आता लिहितो.

चोचींचं पुस्तक वाचा. जोनाथन वायनर यांचं 'द बीक ऑफ द फिंच', 1994 चं, पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेतला पुलित्झर पुरस्कार मिळाला. ज्यांना ज्यांना दिलं त्यातल्या निम्म्यांनी सांगितलं की बोअर आहे, नुसत्या चोची मोजतात. अहो पण तेच तर आहे ना! पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ नवरा-बायको 1973 पासून पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर नावाच्या उजाड बेटावर वर्षानुवर्षं जात राहिले, फिंच म्हणजे चिमणीएवढे बिया खाणारे पक्षी पकडायचे, कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) लावून चोच मोजायची, पायात कडी घालायची आणि द्यायचं सोडून. 1977 ला पाऊसच पडला नाही. मऊ बारीक बिया संपल्या, उरलं काय तर आपल्या सराट्याच्या भावकीतलं टणक काटेरी बी, आणि ते फोडायला जाड चोच लागते. तिथल्या 'मध्यम ग्राउंड फिंच' नावाच्या जातीपैकी बहुतेक सगळे उपाशी मेले, जगले त्यात जाड चोचवाले जास्त, आणि त्यांची पिल्लंही तशीच जाड चोचीची निघाली. फरक किती, तर सरासरी साधारण अर्धा मिलिमीटर! नखाने दाखवता येणार नाही एवढा, पण त्यावर जगणं-मरणं ठरलं आणि ते कुणीतरी वहीत लिहून ठेवत होतं.

खरी मजा पुढे आहे. 1983 ला एल निनोमुळे (पॅसिफिकचं पाणी तापतं ना, त्यामुळे) बेटावर धो धो पाऊस, बारीक बियांचं रान माजलं आणि पुढच्या काही वर्षांत बारीक चोचवाल्यांची सरशी झाली. म्हणजे गाडी उलटी फिरली. इथेच बऱ्याच वाचकांचं बिनसतं, कारण आपल्याला उत्क्रांती म्हणजे शिडी हवी असते, खाली किडा, वर आपण. पेडण्याकडे रात्रभर दशावतार बघून पहाटे चहा पिताना कुणीतरी हमखास म्हणतं, मत्स्य, कूर्म, वराह, बघा, आपल्याकडे हे आधीच सांगून ठेवलंय. दशावतार मलाही जीव की प्राण आहे, संकासूर आला की मी अजून लहान मुलासारखा सरसावून बसतो, पण त्या क्रमाला एक मुक्काम आहे आणि फिंचांच्या चोचीला तो नाही.

मी तरी कुठे शहाणा होतो म्हणा. जीवाश्म शोधणाऱ्या नील शुबिन यांचं 'युअर इनर फिश' (2008) वाचून नुकताच भारावलो होतो. अमुक वयाच्या खडकात अर्धवट मासा अर्धवट चौपाया सापडायला हवा असं आधी ठरवून शुबिन आणि त्यांचे सोबती उत्तर ध्रुवाकडच्या एल्समीअर बेटावर खोदत राहिली, चार-चार मोहिमा, आणि 2004 ला टिक्टालिक सापडला, 37.5 कोटी वर्षांपूर्वीचा, मान असलेला मासा! त्या नशेत भाच्याला घेऊन खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतीच्या बांधावर गेलो. ओहोटी होती, मानशीजवळच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या) चिखलात निवट्या, म्हणजे चिखलात फिरणारे छोटे मासे, कल्ल्यांजवळच्या परांवर रेलून टुणटुण उड्या मारत होत्या, डोळे डोक्यावर बेडकासारखे. मी ऐटीत म्हटलं, बघ, हे आपले पूर्वज. भाचा म्हणाला, मामा, मग हे अजून इथे काय करतायत?

गप्प बसलो. घरी येऊन पुस्तक परत उघडलं तर चूक माझीच, निवटी गोबी कुळातली, तिच्या परांत नुसते काटे, टिक्टालिकच्या परांत दंडाचं हाड, मनगटाचा सांधा. निवटी आपली आजी नव्हे, फार लांबची चुलत बहीण, जी आपल्या वाटेने स्वतंत्रपणे चिखलात आली. माकडं अजून माकडंच का, या प्रश्नाचं उत्तरही हेच, पण मला ते भाच्याने चिखलात उभं करून शिकवलं.

आणि हो, रिचर्ड डॉकिन्सचं 'द सेल्फिश जीन' (1976), म्हणजे 'स्वार्थी जनुक', त्याबद्दल सगळ्यांची मतं असतात, वाचलेलं थोड्यांनी. मीही आधी नावच वाचलं आणि दोन महिने घरात सगळे स्वार्थी असं प्रवचन देत फिरलो, शेवटी आई म्हणाली मग आजपासून स्वतःचं ताट स्वतः घे. खरं तर प्राणी एकमेकांना मदत का करतात हेच त्यात बऱ्यापैकी सांगितलंय. चांगलं आहे, पण पहिलं नको, दुसरं किंवा तिसरं घ्या.

तर चोचींचं पुस्तक. विकत घ्यायच्या आधी पणजीत पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीत विचारून बघा. माझी प्रत सध्या फोंड्याला एका मास्तरांकडे आहे, चवथीनंतर परत येईल, हवी असेल तर सांगा, पण नेताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या, मागच्या पावसात तिची शेवटची चाळीस पानं पापडासारखी फुगलीत.