तुम्ही विचारलंत म्हणून: नव्याच्या सणाआधीचा हिशेब

दरवर्षी आमच्या ज्यू नव्या वर्षाच्या, म्हणजे नव्याच्या सणाच्या, आधीचा एलुल महिना लागला की मी आमच्या इमारतीत घरकाम करणाऱ्या बायकांच्या भरपगारी रजेचा विषय काढते, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतेच: तुमच्या नव्या वर्षाचा आणि बायकांच्या रजेचा संबंध काय? ठाण्यात इतकी वर्षे शेजारी राहिल्यावर आम्ही बेने इस्राएल ज्यू म्हणजे कोण, हे मला सांगावे लागत नाही. हा संबंध मात्र सांगावा लागतो, म्हणून एकदाचे लिहून टाकते.

दारफळणीच्या सणाचा, म्हणजे योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास देवाविरुद्धचे अपराध धुतो. माणसाविरुद्धचे अपराध मात्र त्या माणसाची समजूत काढल्याखेरीज धुतले जात नाहीत, असे मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात स्पष्ट म्हटले आहे. एलुलमधल्या पहाटेच्या सलिहोथ या क्षमायाचनेच्या प्रार्थना आणि शोफार या शिंगाचा आवाज हे त्या हिशेबाला बसवण्यासाठीच असतात. उपासाच्या सकाळी बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा ५८ वा अध्याय वाचतात, आणि त्यात संदेष्टा उपास करणाऱ्यांनाच सुनावतो की उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना पिळता. तेव्हा हा संबंध मी जोडलेला नाही.

अर्थात हे सारे पाठ असतानाच मी आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचे चार दिवसांचे पैसे कापले होते. नातवाला डेंग्यू झाला म्हणून त्या आल्या नव्हत्या. मी काही वाईट मालकीण नव्हते. इमारतीत सर्वांत जास्त पगार मीच देत होते, आणि एकीला सूट दिली की सगळ्या मागतील, असे मला मनापासून वाटत होते. मावशी काही बोलल्या नाहीत. दिवाळीनंतर त्यांनी काम सोडले. पुढच्या एलुलमध्ये क्षमा मागायच्या माणसांची यादी करताना त्यांचे नाव आले, तेव्हा मी पाकिटात पैसे घालून त्यांच्या चाळीत गेले. श्रावणात त्या वारल्या होत्या. मुलीने मला बसायला सांगितले, पाकीट उघडले, माझ्यासमोर नोटा मोजल्या, चार दिवसांचे तेवढे ठेवून घेतले आणि वरचे परत केले. ‘‘आईचे एवढेच होते,’’ ती म्हणाली. तिने चहाही दिला, आणि तो मला प्यावा लागला.

दुखावलेला माणूस हयात नसेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे आणि तिथे अपराध कबूल करावा, असे मैमोनिडीस या मध्ययुगीन ज्यू धर्मपंडिताने लिहून ठेवले आहे. मावशींना अग्नी दिला होता. मी कोठे उभी राहणार?

पूर्वी मी म्हणत असे की न्याय हा कायद्याचा विषय आहे आणि एलुल हा मनाचा. आज तसे म्हणवत नाही, पण तेव्हाची मी अगदीच चुकत होते असेही नाही, कारण माझ्या पाकिटाने कोणाला रजा मिळाली नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, तरी आमच्या इमारतीत रजेचे पैसे कापायचे की नाही हे अजून ज्याचे तो ठरवतो. रजेचा विषय मी काढते तो पश्चात्तापाने की स्वतःला सोडवून घेण्यासाठी, हे तुम्ही विचारलेत तर माझ्यापाशी उत्तर नाही.

परत आलेल्या नोटा प्रार्थनेच्या पुस्तकात आहेत. योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, आमच्यात गरिबांना दान देतात. त्यात त्या घालाव्यात असे दोनदा ठरवले, आणि दोन्ही वेळा हात धजावला नाही.