पर्जन्यमापकाची स्क्रिप्ट: .पीवाय नेमकं कोण बघतं?

गच्चीवरच्या पर्जन्यमापकाचे आकडे नोंदवणारी पायथन भाषेतली स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) रास्पबेरी पाय या छोट्या लिनक्स संगणकावर आता नीट चालते. पुढचा टप्पा म्हणजे ती साध्या कमांडसारखी, नुसतं ‘पाऊस’ टाइप करून चालायला हवी. त्यासाठी नावाच्या शेवटचं .पीवाय हे पायथनचं एक्स्टेंशन काढून टाकलं, एक्झिक्यूटची (फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवायची) परवानगी दिली आणि फाइल पाथमधल्या, म्हणजे जिथे कमांड शोधल्या जातात त्या फोल्डरात ठेवली. पहिल्या फटक्यात चालली.

चालणारच होती, कारण लिनक्सचं कर्नल (प्रोग्रॅम सुरू करणारा गाभा) एक्स्टेंशनकडे बघतच नाही. ते फाइलचे पहिले बाइट वाचतं. हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) २३ २१, म्हणजे #!, दिसलं की त्या ओळीत लिहिलेला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, इथे ‘पायथन३’) सुरू करून फाइलचं नाव त्याच्याकडे सोपवतं. मग मुद्दाम एक प्रत विंडोजच्या पद्धतीच्या ओळींनी सेव्ह केली. पहिल्या ओळीच्या शेवटी ०ए या ओळ संपवणाऱ्या बाइटच्या आधी विंडोजचा एक जादा ०डी आला. लगेच तक्रार आली की असा प्रोग्रॅमच नाही! ‘पायथन३’ला चिकटलेला तो न दिसणारा ०डीसुद्धा नावाचाच भाग धरला गेला होता. विंडोजवर लिहून पायवर नेणाऱ्यांनी ही ओळ हेक्समध्ये एकदा बघाच.

इम्पोर्टचे, म्हणजे एका फाइलमधला कोड दुसरीत वापरायला घेण्याचे, नियम वेगळे. पायथनला थेट फाइल दिली तर .टीएक्सटीसुद्धा तो मुकाट चालवतो, पण इम्पोर्ट करताना सोर्स फाइलला .पीवाय लागतंच (विंडोजवर .पीवायडब्ल्यूसुद्धा चालतं). म्हणून हिशेबाचा सगळा भाग ‘पाऊस_नोंद.पीवाय’मध्ये हलवला. हो, देवनागरी नावाची फाइल पायथन ३ मध्ये बिनतक्रार इम्पोर्ट होते, याचा मला फार आनंद झाला. नावात अंडरस्कोअर चालतो, हायफन मात्र नाही.

इम्पोर्टनंतर __पायकॅश__ फोल्डरात .पीवायसी, म्हणजे बाइटकोडची (पायथनने सोर्सवरून बनवलेल्या तयार सूचनांची) फाइल तयार झाली. तीही उघडून पाहिली. पायथन ३.१२ मध्ये पहिले चार बाइट सीबी ०डी ०डी ०ए असे आहेत. बाइटकोडची रचना बदलली की हा आकडा बदलतो, आणि तो जुळला नाही की पायथन सोर्सवरून फाइल नव्याने बनवतो.

विंडोजवर मात्र एक्स्टेंशनवाचून पान हलत नाही. .पीवाय कोणाकडे द्यायची हे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) ठरलेलं असतं. २०१२ साली पायथन ३.३ सोबत पीवाय लाँचर (योग्य पायथन निवडून सुरू करणारा प्रोग्रॅम) आला, तो #! ची ओळही वाचतो. स्क्रिप्ट चालताना कमांडची काळी खिडकी नको असेल तर .पीवायडब्ल्यू ठेवा.

आता दोन्ही फाइली एकाच .पीवायझेडमध्ये, म्हणजे पायथन थेट चालवू शकेल अशा झिप फाइलमध्ये बांधतोय. ही सोय पायथन ३.५ पासून आहे. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे सुरुवातीला #! ची ओळ जोडली तरी झिप बिघडत नाही. कर्नल पुढून वाचतं आणि पायथन मागून. पायवर चाचणी झाली, विंडोजवरची बाकी आहे.