दुधाच्या हिशोबाशेजारचे ठिपके

मागच्या वर्षी जूनमध्ये माझं पहिलं बाळ ९व्या आठवड्यात गेलं. रक्त नाही, कळ नाही, उलट्यासुद्धा चालूच होत्या. नेहमीची सोनोग्राफी म्हणून गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतला आणि एवढंच म्हणाले, "धबकारा नथी देखाता." ठोके दिसत नाहीत. वाढ साडेसात आठवड्यांवर थांबली होती. म्हणजे दहा दिवस मी पोटावर हात ठेवून झोपत होते आणि आत सगळं शांत झालं होतं. दुसऱ्या दिवशी क्युरेटिंग झालं, म्हणजे गर्भाशय साफ केलं, तिसऱ्या दिवशी वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी परत आले. आठवडाभराने ऑफिसात रुजू झाले, "ताप होता" असं सांगून.

हे आधी सांगते, कारण पुढची सगळी भीती इथूनच निघाली. माझ्या शरीराने मला काहीच कळवलं नव्हतं. म्हणून डिसेंबरात पट्टीवर दोन रेघा दिसल्या तेव्हा पहिला विचार आला तो असा, की या वेळी मला कळणार कसं?

मग मी तपासत सुटले. बाथरूमला गेले की टिश्यू ट्यूबलाइटखाली धरायचा. पांढराच आहे ना? कडेला गुलाबी झाक आहे का? पुन्हा एक टिश्यू. दिवसातून बारा-पंधरा वेळा. तहान लागली तरी पाणी कमी प्यायचे, कारण पाणी म्हणजे बाथरूम आणि बाथरूम म्हणजे तो पांढरा चौकोन. सकाळी मळमळलं की हायसं वाटायचं, दुपारी भूक लागली की छातीत धस्स व्हायचं. बीटा एचसीजीची, म्हणजे गर्भारपणातल्या संप्रेरकाची, रक्तचाचणी डॉक्टरांनी दोन दिवसांच्या अंतराने दोनदा सांगितली होती, मी तिसऱ्यांदा परस्पर करून आले. सुरुवातीच्या आठवड्यांत तो आकडा साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतो, हे वाचलं होतं. माझा होत होता. तरी समाधान दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंतच टिकलं.

या वेळी डॉक्टर बदलल्या होत्या. त्यांनी रिपोर्टची फाइल बाजूला सारली आणि विचारलं, "मागच्या वेळी तू काय चूक केलीस असं तुला वाटतं?" मी भडाभडा बोलले. पाण्याचा कॅन उचलला होता. स्कूटरवरून रोज खड्ड्यांतून अलकापुरीला जात होते. एका लग्नात पपई खाल्ली होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, इतक्या लवकर गेलेल्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गुणसूत्रांतल्या दोषाने जातात, तो दोष बहुतेक वेळा गर्भधारणेच्या वेळीच ठरलेला असतो, आणि कॅन उचलल्याने किंवा स्कूटरने तो होत नाही. एकदा असं झालेल्या बहुतेक बायकांचं पुढचं बाळंतपण नीट पार पडतं. हे सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं. मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले.

त्या दिवशी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगत नाहीत. पहिल्या वेळी मीही तोंड शिवून बसले होते, आणि गेलं तेव्हा रडायलाही कुणी नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. ही रीत कुणाला दृष्टीपासून वाचवत असेल, मला तिने एकटं पाडलं. आईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या आधी माझाही एक गेला होता गं. तेव्हा कुणी नावसुद्धा काढू दिलं नाही." ३४ वर्षांनी त्या हे पहिल्यांदा बोलत होत्या. ऑफिसातल्या एका मैत्रिणीलाही सांगितलं. मीटिंगमधून मी मध्येच उठले की ती माझी बाजू सांभाळायची.

६ जानेवारीला, पावणेसात आठवड्यांवर, पहिली सोनोग्राफी. बाहेर बाकावर बसून गर्भलिंग तपासणीबंदीचा बोर्ड मी गुजराती आणि इंग्रजी दोन्हींत पाठ होईपर्यंत वाचला. आत डॉक्टरांनी आधीच सांगितलं, "स्क्रीन तुझ्याकडेच राहील." राखाडी पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी आणि त्याच्या मधोमध लुकलुक. "जुओ बेन, आ धबकारा." मिनिटाला १२८.

आता भीती जाईल असं वाटलं होतं. उलट वाढली, कारण मागच्या वेळीही धबधब दिसली होती आणि नंतरच थांबली होती. उत्तरायणाच्या दिवशी सगळा वाडा पतंग उडवायला गच्चीवर होता, वरून "काइपो छे!"च्या आरोळ्या येत होत्या आणि मी खाली बाथरूममध्ये होते. टिश्यूवर तपकिरी डाग. अहो धावत खाली आले, त्यांच्या बोटांना मांजाचे काप होते. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, ताजं लाल आहे का, पोटात दुखतंय का, गरगरतंय का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, पहिल्या तीन महिन्यांत चारातल्या एकीला थोडंफार रक्त दिसतं, तपकिरी म्हणजे जुनं. लाल आलं किंवा दुखलं तर वेळ न बघता ये, नाहीतर उद्या सकाळी बघू. दुसऱ्या दिवशी ठोके होते.

त्या रात्री मात्र झोप लागेना. अडीच वाजता १४४१६ला फोन लावला. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट आणि चोवीस तास. पलीकडच्या बाईंनी "काळजी करू नका" असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, किती वेळा तपासता? आणि कमी करायचं तर आधी कुठली वेळ सोडाल?

मी ऑफिसातली वेळ सोडली. घरून निघताना एकदा, परतल्यावर एकदा, झोपताना एकदा. पहिले चार दिवस हात थरथरायचा, टिश्यू न बघता टाकताना डोळे मिटून घ्यायची. आणि रात्री स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे आई दुधाच्या पिशव्या लिहितात त्याच चौकटीत, पेन्सिलीने एक ठिपका द्यायचे. आजचा दिवस गेला. बारा आठवड्यांचा विचार केला की श्वास अडकायचा, एका चौकटीचा करता यायचा. संध्याकाळी अहोंबरोबर सूरसागर तलावाला एक फेरी. तिथे बाळाचं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, ते बहुतेक वेळा पाळलं.

८व्या आणि ९व्या आठवड्यांबद्दल फार लिहीत नाही. ते ठिपके मी इतके दाबून दिलेत की मागच्या पानावर उमटलेत.

१२ फेब्रुवारीला बाराव्या आठवड्याची एनटी सोनोग्राफी झाली, बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती. बाळाने हात तोंडाशी नेला. मी हसले, आणि त्याच संध्याकाळी टिश्यूही बघितला. पण मार्चमध्ये कधीतरी तीनवरून एकवर आले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री बेंबीखाली बुडबुडा फुटल्यासारखं झालं. वायू असेल म्हणून सोडून दिलं, तर दुसऱ्या रात्री त्याच जागी पुन्हा.

काल ३० एप्रिल. आई चष्मा लावून दुधाचा हिशोब करत बसल्या होत्या. बोट चौकटीवरून सरकत सरकत थांबलं.

"अगं, तुझे ठिपके १७ तारखेपासून नाहीतच."

मी जाऊन बघितलं. खरंच नव्हते.