फुगलेली खिडकी

खानापूरकडच्या आमच्या घरात माजघराची एक खिडकी आहे, फणसाच्या लाकडाची, जून लागला की ती जी फुगून बसते ती दसऱ्याशिवाय उघडत नाही. यंदा दोन बुक्क्या घालून झाल्या आणि मी हातोडी शोधायला निघालो तर आई स्वयंपाकघरातनं ओरडली, "काय करूलालास रे? काच जाईल की! दिसूलालंय न्हवं काचेतनं?"

दिसतं हो, पण वारा नाही, ओल्या मातीचा वास नाही.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी क्रिझमबद्दल वाचत होतो. जपानचा एक्स-रे उपग्रह, ७ सप्टेंबर २०२३ ला उडाला, नासाचीही साथ. (त्याच रॉकेटमधून गेलेलं स्लिम यान पुढे चंद्रावर उतरलं, तेसुद्धा तोंडावर!) त्यावरच्या रिझॉल्व्ह यंत्रात फक्त ३६ पिक्सेल, आपल्या मोबाइलवाल्यांना हसू येईल, पण ते निरपेक्ष शून्याच्या (याहून गार काही होऊच शकत नाही) जेमतेम ०.०५ अंश वर गार ठेवलेले, एक्स-रेचा एक कण आदळला की पिक्सेल किंचित तापतो आणि त्या तापण्यावरनं कणाची ऊर्जा कळते. आणि या एवढ्या नाजूक कारभाराच्या तोंडावरचं दारच उघडेना! दारात काचेसारखा बेरिलियम या धातूचा पातळ पत्रा आहे, पाव मिलिमीटरचा, म्हणून बरं. तगडे एक्स-रे आरपार येतात, कमी ऊर्जेचे बाहेरच अडकतात. ०.३ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून (हे एक्स-रेच्या ऊर्जेचं माप) बघायचं ठरलेलं, आता साधारण १.७ च्या पुढचंच.

जपानच्या लोकांनी दार उघडायचा प्रयत्न केला, नाही उघडलं, मग तसंच बघायला लागले. याआधीचा त्यांचा हितोमी उपग्रह २०१६ मध्ये महिना-दीड महिन्यातच गरगर फिरून तुटला होता, त्यामुळे दुधानं तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पिणारच, असं आपलं मला वाटतं.

आणि दिसलं काय? एन१३२डी, १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष. त्यात सिलिकॉन, गंधक, अरगॉन, कॅल्शियम, लोह, ऊर्जेच्या आलेखात एकेकाची रेघ वेगळी, बंद दारातनं!

मी हातोडी ठेवली. आईनं पदरानं काचेवरची वाफ पुसली, बाहेर पावसात छत्रीखाली कोणीतरी येत होतं, तोंड दिसत नव्हतं, तरी ती म्हणाली, "चहा टाक, मामा येऊलालाय."