पस्तीस मिनिटांत होणारा कंदील

अकरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यावर मी नोकरी सोडली आणि सदाशिव पेठेतल्या घराच्या माडीवर, वहिनींना सोबतीला घेऊन, वर्गात करायच्या सणांच्या हस्तकलेचे संच बनवायला घेतले. कार्डशीट अप्पा बळवंत चौकातून आणायचं, बाकी सगळं घरच्या टेबलावर.

पहिला संच आकाशकंदिलाचा. एका शाळेने दुसरीच्या दोन वर्गांसाठी ८४ घेतले. मी वर्गात मागे बसून बघत होते. तासिका ३५ मिनिटांची, त्यातली दहा पाकिटं वाटण्यातच गेली. जाड कार्डशीट बोथट कात्रीने कापताना मुलांची बोटं दुखू लागली आणि डिंक वाळायच्या आत घंटा झाली. 'बाई, माझा सुटला,' म्हणत एक मुलगी दोन्ही हातांत कंदील धरून उभी राहिली. शाळेने पुढची मागणी रद्द केली. त्यांचं बरोबरच होतं.

मग डिंकच काढून टाकायचं ठरवलं. खाचेत खाच अडकवून उभा राहणारा कंदील सतरा नमुन्यांनंतर जमला. खाच कागदाच्या जाडीपेक्षा किंचितच रुंद लागते. जास्त झाली तर कंदील डुलतो, कमी झाली तर मुलं ओढतात आणि कागद फाटतो. कापायचं काम पंचिंगवाल्याकडे दिलं. मुलांनी दुमडायचं, अडकवायचं, रंगवायचं.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा संच घरोघरी पाठवले आणि कसेबसे टिकलो.

दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आणि पुष्कळदा आपटा म्हणून कांचनाचीच पानं हातात येतात. आमच्या संचात घडी घालून कापायचं कागदी पान आहे. घडी उघडली की दोन्ही पाळी सारख्या. तिसरीला सममिती तिथेच कळते.

माझा सगळ्यात लाडका संच संक्रांतीचा. सूर्याचं उत्तरेकडे सरकणं खरं तर २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं. मुलं नाताळच्या सुट्टीआधी ३० सेंटिमीटरची काठी अंगणात उभी करून सावली मोजतात, मग १४ जानेवारीच्या आसपास पुन्हा. पुण्यात ती आधी साधारण २७ भरते, नंतर २५. वाट बघायची ती बाराची नाही. आपल्याकडे सावली सगळ्यात आखूड होते साडेबारानंतर. तिळगूळ खाता खाता दोन सेंटिमीटरवरून वाद घालणारी चौथीची मुलं मी पाहिली आहेत. शाळा सोडल्याचं दुःख तेवढ्यापुरतं विसरते.

आता आम्ही सहा जणी आहोत. दिवाळीच्या सुट्टीआधी कंदील वर्गात पोचायला हवेत, म्हणून कागदाचे गठ्ठे जुलैतच येतात. प्रत्येक गठ्ठ्यातला पहिला कंदील वहिनी घड्याळ लावून स्वतः जोडतात आणि माडीच्या खिडकीत टांगतात. भर पावसात आमच्या खिडकीत कंदील दिसतो तो त्यामुळे.