घास भरवण्याचं वय

मोठ्या माणसाला घास भरवायचा तर आपल्याकडे निमित्तं दोनच: लग्न, नाहीतर दुखणं. लग्नात उखाणा घेऊन जिलबीचा तुकडा तोंडात द्यायचा, तोही अर्धा फोटोसाठी. दुखण्यात मऊ भात. बाकी आयुष्यभर ज्याचा त्याने हात चालवावा. इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात मात्र चांगला धडधाकट, मिशीवाला माणूस दुसऱ्या मिशीवाल्याच्या तोंडात घास कोंबतो आणि शेजारच्या टेबलावरचं कुणी मान वळवूनही बघत नाही. याला म्हणतात गुर्शा. घास जितका मोठा तितका जिव्हाळा जास्त. तेव्हा जिवलगाच्या शेजारी बसताना जबडा सैल करून बसावं.

हे सगळं चालतं इंजेराच्या जोरावर. टेफ नावाचं खसखशीएवढं धान्य, त्याच्या पिठाला दोन-तीन दिवस आंबवायचं आणि मिताद या मोठ्या तव्यावर कडेकडून मध्याकडे गोल गोल ओतत जायचं. झाकण ठेवायचं, उलटायचं नाही. वरच्या बाजूला जाळी पडते, आणि रस्सा धरून ठेवते ती हीच जाळी. ताटभर इंजेरा पसरून त्यावरच सगळे पदार्थ वाढतात. उजव्या हाताने तुकडा तोडायचा, त्यातच कालवण चिमटीत धरायचं. चमचा नाही, वाटी नाही, आणि ताट सगळ्यांत मिळून एकच.

आम्ही गेलो तो शुक्रवार होता. बुधवार-शुक्रवार इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपासाचे; ईस्टरआधीचा मोठा उपास तर ५५ दिवसांचा. मांस, अंडी, दूध, तूप सगळं बंद. म्हणजे शाकाहारी माणसाने जावं तर याच दिवशी. उपासाचं ताट मागवलं आणि 'एकादशी, दुप्पट खाशी' हे काही आपल्यापुरतंच नाही याची खात्री पटली. बर्बेरे मसाल्यातली लालभडक मसूर, हळदीतली पिवळी डाळ, परतलेली गोमेनची पालेभाजी, बीट, आणि मातीच्या भांड्यात अजून बुडबुडे येत असलेलं शिरो. हरभऱ्याच्या पिठाचं हे प्रकरण म्हणजे थेट आपलं पिठलंच, फक्त लसणाबरोबर बर्बेरेचा ठसका. डोरो वोट हा कोंबडीचा मानाचा रस्सा त्या दिवशी आमच्या वाट्याला येणार नव्हता. माझं काही बिघडलं नाही.

उष्ट्या-खरकट्याचे संस्कार पक्के असल्याने हात सुरुवातीला जरा बिचकत होता. इथला रिवाज आपल्या समोरच्या बाजूचं खाण्याचा, एवढाच दिलासा. तेवढ्यात यजमानीणबाईंनी मसुरीचा भलामोठा घास माझ्यासमोर धरला. नाही म्हणणं शिष्टाचारात बसत नाही, आणि तोंड उघडल्यावर बोलायला जागाच उरत नाही.

खरी मजा तळाच्या इंजेरात. वरचं संपत येतं तेव्हा तो सगळे रस पिऊन लालपिवळा झालेला असतो. त्याच्यासाठी पोटात जागा ठेवावी. मी ठेवली नव्हती, तरी खाल्ला.

मग कॉफी. हिरव्या बिया समोरच भाजतात, धूर सगळ्यांच्या नाकाशी फिरवतात, आणि जेबेना या मातीच्या सुरईतून बिनकानाच्या कपांत धार सोडतात. सोबत लाह्या. फेऱ्या तीन: अबोल, तोना, बरका. कॉफी दर फेरीला फिकट होत जाते, पण तिसरीतच आशीर्वाद असतो म्हणे, तिच्याआधी उठणं बरं दिसत नाही. घड्याळात रात्रीचे दहा वाजून गेले होते. आशीर्वाद घेतला आणि झोपेचं खोबरं करून घेतलं.